प्रवासासाठी आणि नौकाविहारासाठी परवडणारा डिजिटल कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैनगंगेच्या काठच्या गावांतून, नवेगावबांध, खिंडसी किंवा गोसीखुर्दच्या पाण्यावर फिरायला जाणाऱ्या कुटुंबांकडून आणि पक्षी पाहण्याची नुकतीच आवड लागलेल्या विद्यार्थ्यांकडून कॅमेरा खरेदीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. व्यावसायिक छायाचित्रकारांची महागडी साधने येथे विचारात घेतलेली नाहीत. कॅमेऱ्यांच्या किमती सतत बदलत असल्यामुळे आकडे देण्याऐवजी कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी मोजू नयेत, यावर भर दिला आहे.

हातात चांगला मोबाइल असताना वेगळा कॅमेरा घेण्याची खरोखर गरज आहे का?

प्रत्येकाला नाही. नावेत बसलेल्या आप्तांचे, मावळतीच्या आकाशाचे, काठावरच्या सहभोजनाचे फोटो मोबाइल उत्तम काढतो, आणि तेवढ्यासाठीच कॅमेरा हवा असेल तर ते पैसे वाचवावेत. मोबाइल कमी पडतो तो अंतराच्या बाबतीत. मोबाइलच्या मुख्य लेन्सचे फोकल लेंग्थ (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे दृश्य जवळ दिसते) जुन्या ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या मापात साधारण २४ मिलिमीटरच्या तोडीचे असते. अशा लेन्समधून १०० मीटरवरचे दृश्य टिपले, तर चौकटीत उभ्या दिशेने शंभर मीटरांच्या आसपासचा भाग मावतो. गोंदियाच्या धानाच्या बांधीत उभा असलेला दीड मीटर उंचीचा सारस त्यात एका ठिपक्याएवढा दिसणार, हे उघड आहे. हेच दृश्य ३० पट झूमच्या, म्हणजे ७२० मिलिमीटरच्या तोडीच्या लेन्समधून पाहिले, तर चौकटीत साधारण साडेतीन मीटर भाग येतो आणि तोच सारस चौकटीची जवळपास निम्मी उंची व्यापतो. काही महागड्या मोबाइलमध्ये तीन किंवा पाच पट झूमची वेगळी लेन्स असते, पण पाच पट झूम म्हणजे १२० मिलिमीटरच, त्यामुळे पक्ष्यांच्या बाबतीत फार मोठा फरक पडत नाही.

आणखी दोन कारणे आहेत. नावेतून मोबाइल पाण्यात पडला तर त्याच्याबरोबर बँकेचे व्यवहार, ओळखीच्या लोकांचे क्रमांक आणि कागदपत्रेही जातात, तर कॅमेरा पडला तर फक्त कॅमेरा जातो. शिवाय ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील सफारीत मोबाइल वापरण्यास मनाई आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना तेथून रिकाम्या हातांनी परतावे लागते.

नावेत न्यायचा आहे म्हणजे कॅमेरा वॉटरप्रूफच घ्यावा लागेल ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते: सहसा नाही. वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात पाणी शिरू नये म्हणून लेन्स आतल्या आतच हलावी लागते, ती बाहेर येऊ शकत नाही, आणि त्यामुळे झूम चार-पाच पटींपुढे जात नाही. म्हणजे जो पैसा आपण पाण्याच्या भीतीपोटी मोजतो, त्याच्या बदल्यात नेमकी तीच क्षमता गमावतो जिच्यासाठी मोबाइल सोडून कॅमेरा घ्यायला निघालो होतो. समुद्रकिनाऱ्यावर प्रवाळ आणि मासे पाहायला जाणाऱ्याला हा सौदा परवडतो. आपल्याकडच्या नद्यांचे आणि जलाशयांचे पाणी वर्षातला बराच काळ गढूळ असते, त्यात कॅमेरा बुडवला तरी आत पिवळसर धुक्यापलीकडे फारसे काही दिसत नाही.

म्हणून तलावावर जाणाऱ्या सर्वसाधारण कुटुंबाने चांगल्या झूमचा साधा कॅमेरा घ्यावा आणि त्याला पाण्यापासून वाचवण्यासाठी वॉटरप्रूफ पिशवी घ्यावी, असे मी सुचवतो. पिशवीचा खर्च कॅमेऱ्याच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

मग वॉटरप्रूफ कॅमेरा कोणासाठी योग्य आहे?

ज्यांचे काम किंवा छंदच पाण्यात उतरून करण्याचा आहे त्यांच्यासाठी: मासेमारीची नोंद ठेवणारे, डोंग्यातून जाळी टाकणाऱ्यांबरोबर पहाटे जाणारे, पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडून भटकणारे, आणि ज्यांच्या घरात कॅमेरा हाताळणारी लहान मुले आहेत असे पालक. ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ हा २०२३ मध्ये आलेला कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत पाणी सहन करतो, सुमारे दोन मीटर उंचीवरून पडला तरी टिकावा अशी त्याची रचना आहे, आणि त्याचे झूम चार पट, म्हणजे २५ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचे आहे. अगदी जवळून किडे, शेवाळ, पाण्यातील वनस्पती टिपण्याची त्याची क्षमता विशेष आहे, त्यामुळे जीवशास्त्राच्या शिक्षकांना तो उपयोगी वाटेल. त्याआधीचा टीजी-६ वापरलेल्या स्थितीत मिळाल्यास दोघांच्या चित्रांत फारसा फरक नाही. निकॉनचा डब्ल्यू-३०० आणि फुजीफिल्मचा एक्सपी-१४० हेही या गटातलेच, परंतु ते आता नवे सहसा मिळत नाहीत.

अशा कॅमेऱ्याच्या झाकणाला असलेली रबरी कडा हीच त्याची जीवनरेषा असते. त्या कडेवर वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला तरी पाणी आत जाते, म्हणून झाकण नावेत कधीही उघडू नये. ती कडा वर्षातून एकदा बदलून घेण्याचा सल्ला उत्पादकच देतात, आणि वापरलेला वॉटरप्रूफ कॅमेरा घेताना ती बदललेली नाही असे गृहीत धरूनच चालावे.

खोक्यावर लिहिलेल्या आयपीएक्स ७, आयपीएक्स ८ यांचा अर्थ काय?

आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आयपीएक्स ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे सहन होणे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणे, आणि आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून अधिक, पण किती ते उत्पादकाने स्वतंत्रपणे सांगितलेले असणे. या चाचण्या स्वच्छ, गोड्या आणि स्थिर पाण्यात होतात. हातात कॅमेरा धरून नावेतून उडी मारल्यावर किंवा नळाच्या जोरदार धारेखाली धुतल्यावर जो दाब पडतो, तो या आकड्यांत धरलेला नसतो. लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, त्याचा सामू सुमारे १० असतो. तेथे कॅमेरा पाण्याला लावण्याचा मोह टाळावा आणि चुकून लागलाच तर, तो वॉटरप्रूफ असल्यास, लगेच गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा.

झूम किती पट असावे?

२५ ते ४० पट. सोनीचा एचएक्स-९९ किंवा कॅननचा एसएक्स-७४० यांसारखे खिशात मावणारे कॅमेरे या पल्ल्यात येतात आणि प्रवासात ओझे होत नाहीत. निकॉनचा पी-९५० हा ८३ पट, म्हणजे २००० मिलिमीटरच्या तोडीचा आहे, आणि तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याचा मोह पडल्याशिवाय राहत नाही. काठावर उभे राहून, तिपाईवर लावून वापरायचा असेल तर तो मोह समर्थनीय आहे. डोलणाऱ्या नावेत मात्र २००० मिलिमीटरवर पक्षी चौकटीत ठेवणेच जमत नाही: पाणकावळा एकदा निसटला की तो पुन्हा शोधेपर्यंत उडून गेलेला असतो.

झूमबरोबर येणारी एक मर्यादा विक्रेते सांगत नाहीत. या कॅमेऱ्यांचे सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पट्ट्या, १/२.३ इंच आकाराचे, म्हणजे सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर एवढे लहान असतात, आणि पूर्ण झूमवर लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ६.४ किंवा त्याहून बारीक होते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). स्वच्छ उन्हात एफ ६.४ आणि आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) २०० असताना १/१२०० सेकंदाच्या आसपासचा शटर वेग, म्हणजे चित्र टिपण्याचा कालावधी, मिळतो, जो नावेतल्या हादऱ्यांना पुरेसा आहे. पण पहाटेच्या धुक्यात, जेव्हा नवेगावबांधच्या पाण्यावर हिवाळी पाहुण्यांचे थवे सर्वांत सुंदर दिसतात, तेव्हा प्रकाश कितीतरी पट कमी असतो आणि चित्र दाणेदार येते. हा दोष कॅमेऱ्याचा नसून सेन्सरच्या आकाराचा आहे, आणि तो पैसे वाचवण्याची किंमत म्हणून स्वीकारावा लागतो.

डिजिटल झूम हा शब्द खोक्यावर दिसल्यास तो आकडा वाचूच नये. ते मधला तुकडा कापून मोठा करणे आहे, आणि ते काम घरी संगणकावरही होते.

ऑनलाइन ४८ मेगापिक्सेलचा, ४के व्हिडिओचा कॅमेरा अगदी चार-पाच हजारांत दिसतो. तो घ्यावा का?

घेऊ नये. अनोळखी नावाने विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष सेन्सर बराच कमी मेगापिक्सेलचा असतो आणि मधले बिंदू सॉफ्टवेअरने भरून आकडा फुगवलेला असतो. त्यांत खरे झूमही बहुधा नसते. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला खेळायला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. १२ मेगापिक्सेलचे खरे चित्र ४००० गुणिले ३००० बिंदूंचे असते आणि त्यातून भिंतीवर लावण्याजोगी १३ गुणिले १० इंचांची स्वच्छ प्रत निघते. त्याहून मोठी प्रत आपल्यापैकी किती जण काढतात?

बजेट कमी आहे. नवा घ्यावा की वापरलेला?

प्रामाणिकपणे सांगायचे तर, कमी बजेटमध्ये वापरलेल्या कॅमेऱ्याला आज पर्याय उरलेला नाही. मोबाइलमुळे साध्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ आटली. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते, ती संख्या पुढे एक कोटीच्याही खाली आली, आणि कंपन्यांनी सर्वांत आधी स्वस्त मॉडेल बंद केली. त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांत स्वस्त म्हणावे असे नामांकित मॉडेल क्वचितच सापडते.

दहा हजारांच्या आत असाल तर कॅनन, निकॉन, सोनी किंवा पॅनासॉनिक यांचा जुना जास्त झूमचा कॅमेरा शोधावा. त्याहून थोडे अधिक खर्च करता येत असतील तर माझी पसंती जुन्या डीएसएलआरला, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला आहे: कॅननचा १३००डी किंवा निकॉनचा डी-३३००, त्याबरोबर १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि एक ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. कॅननवर २५० मिलिमीटरची लेन्स ४०० च्या तोडीची होते, म्हणजे झूम खिशातल्या कॅमेऱ्याहून कमी भरते. परंतु सेन्सरचे क्षेत्रफळ जवळपास बारापट असल्यामुळे पहाटेचे चित्र स्वच्छ येते आणि मधला भाग कापून मोठा केला तरी तो टिकतो. वजन आणि आकार मात्र वाढतो, आणि दोन लेन्स नावेत बदलणे ही कल्पनाच सोडून द्यावी. निघतानाच मोठी लेन्स लावून निघावे आणि नावेतल्या मंडळींचे फोटो मोबाइलने काढावेत.

वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?

लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश आरपार सोडून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी नाकारावी. धूळीचे दोन-चार कण असतील तर काही बिघडत नाही. झूम पूर्ण बाहेर काढून आत घ्यावे, खरखर किंवा अडखळणे जाणवले तर आत माती गेली आहे असे समजावे; कच्च्या रस्त्यांवरून फिरलेल्या कॅमेऱ्यांत हा दोष नेहमी आढळतो. डीएसएलआरचे शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे: डी-३३०० चे शटर एक लाख चित्रांसाठी तपासलेले आहे, तेव्हा वीस-तीस हजारांचा आकडा काळजीचा नाही. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज दिसल्यास कॅमेरा भिजलेला असण्याची दाट शक्यता आहे. शेवटी निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढून तो पडद्यावर मोठा करून पाहावा, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतात.

विक्रेता नागपुरातील असेल तर सीताबर्डीतल्या दुकानात जाऊन, समोर बसून, हे सर्व करावे. निव्वळ फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नयेत.

उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही. यावर उपाय काय?

डोळ्याला लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा घेणे, हाच एक खात्रीचा उपाय आहे. दुपारच्या उन्हात पाण्यावरून परतणाऱ्या चकाकीमुळे मागचा पडदा काळाठिक्कर दिसतो आणि आपण अंदाजाने बटण दाबत राहतो. एचएक्स-९९, पी-९५० आणि सर्व डीएसएलआरमध्ये तो आहे. एसएक्स-७४० मध्ये नाही. दोन मॉडेल अन्य बाबतींत सारखी वाटत असतील तर निवड यावरूनच करावी. कॅमेरा डोळ्याला टेकवल्यामुळे तो स्थिरही राहतो, हा लाभ वेगळाच.

अ‍ॅक्शन कॅमेरा चालेल का?

नावेला किंवा अंगावर लावता येणारा हा छोटा व्हिडिओ कॅमेरा नौकाविहाराच्या व्हिडिओसाठी उत्तम चालेल. गोप्रोची हिरो ५ पासूनची मुख्य मॉडेल वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत पाणी सहन करतात. नावेच्या काठाला पकड लावून ठेवला की हात मोकळे राहतात. पण त्याला उपयोगाचे झूम नसते, तेव्हा पक्ष्यांसाठी तो निरुपयोगी आहे.

नावेत कॅमेरा कसा सांभाळावा?

तोंड गुंडाळून बंद करण्याची वॉटरप्रूफ पिशवी मिळते, तिचे तोंड किमान तीन वेळा गुंडाळून मग चाप लावावा आणि आत थोडी हवा राहू द्यावी, म्हणजे पडली तरी ती तरंगते. वापरण्यापूर्वी आत कोरडा कागद ठेवून पिशवी बादलीत दाबून धरावी. कागद ओला झाला नाही तरच तिच्यावर विसंबावे. पिशवी मिळाली नाही तर रबरी कडेच्या झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत जुने टॉवेल घालून, तेच काम बऱ्यापैकी करतो.

कॅमेरा बाहेर असताना पट्टा गळ्यात असलाच पाहिजे. नावेत चढताना आणि उतरताना कॅमेरा पिशवीत असावा, कारण बहुतेक अपघात खोल पाण्यात होत नाहीत. पाय डोंग्यात आणि तोल काठावर, अशा क्षणी ते होतात. लाइफ जॅकेटच्या वर पट्टा घ्यावा, खाली नको. उभे राहून फोटो काढायचा असेल तर आधी नावाड्याला विचारावे. डोंगा अरुंद असतो आणि नावाड्याला त्याचा स्वभाव आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. थव्याच्या मध्ये नाव घालण्याचा आग्रह मात्र त्याला कधी करू नये. इंजिन बंद करून दूर थांबले तर पक्षी काही वेळाने आपणच जवळ सरकतात.

नावेतून फोटो अस्पष्ट येतात. सेटिंग काय ठेवावे?

कॅमेऱ्यावरील डायल ‘S’ (कॅननवर ‘Tv’) या, शटर वेग स्वतः ठरवण्याच्या खुणेवर आणून शटर वेग १/१००० सेकंद निवडावा, आयएसओ ऑटोवर सोडावा आणि एकाच वेळी अनेक चित्रे घेण्याची सोय चालू करावी. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताची थरथर कमी करते, पण पोहणारा किंवा उडणारा पक्षी त्याने थांबत नाही, तो केवळ शटर वेगाने थांबतो. कोपर नावेच्या काठावर टेकवू नयेत, इंजिनची कंपने सरळ हातात उतरतात. कोपर स्वतःच्या फासळ्यांना टेकवावेत. पाणी चमकत असल्यास कॅमेरा फसतो आणि सारे दृश्य गडद करतो, अशा वेळी एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) +०.७ किंवा +१ वर न्यावे. पांढऱ्या बगळ्यावर ऊन पडले असेल तर उलट -०.७ करावे, नाहीतर पिसांचा तपशील जातो.

कोणते कार्ड आणि किती बॅटऱ्या लागतील?

व्ही ३० किंवा यू ३ (वेगवान कार्डाच्या खुणा) असलेले ६४ जीबीचे एक कार्ड पुरे. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसने (मेगाबिट प्रति सेकंद) केला तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत साधारण ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटे मावतात. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, ते भरून तपासल्याशिवाय सहलीला नेऊ नये. बॅटऱ्या दोन हव्यात, कारण या कॅमेऱ्यांच्या एका बॅटरीत सहसा तीन-साडेतीनशे चित्रे होतात, आणि व्हिडिओ केल्यास त्याहून कमी. भारनियमनाचा विचार करता यूएसबीवर, म्हणजे पॉवर बँकवरही चार्ज होणारा कॅमेरा गावाकडे फार सोयीचा पडतो.

कॅमेरा पाण्यात पडलाच तर?

लगेच बंद करून बॅटरी आणि कार्ड काढावे, आणि तो चालतो का हे पाहण्यासाठी पुन्हा सुरू करू नये. सर्वाधिक नुकसान त्या एका कृतीने होते. बाहेरचे पाणी टिपून घ्यावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्तीला न्यावा. तांदळात ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण त्यातून ओलावा फारसा जात नाही आणि कोंडा मात्र भेगांत शिरतो. कडक उन्हात किंवा चुलीजवळ तर मुळीच ठेवू नये.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो कसा ठेवावा?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश दिलेले असते आणि आपला मे महिना ४५ च्या वर जातो. बंद मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नये. उन्हात तापलेला वॉटरप्रूफ कॅमेरा एकदम थंड पाण्यात बुडवणेही घातक आहे, कारण आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात धोका बुरशीचा असतो: हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती लेन्सवर वाढू लागते. कापडी किंवा चामडी पिशवी ओलावा धरून ठेवते, म्हणून जून ते ऑक्टोबर कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवून घ्यावेत. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नये.

बिल आणि हमीबाबत काय पाहावे?

डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. बिलाशिवाय स्वस्त देतो असे दुकानदार म्हणाला, तर तो कॅमेरा बहुधा अधिकृत मार्गाने आलेला नसतो आणि त्याला भारतातील हमी लागू होत नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा क्रमांक छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते लेबल नसेल तर खोके उघडूच नये. बिलावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. खरेदी ठरवण्याआधी त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र नागपुरात आहे की कॅमेरा मुंबईला पाठवावा लागेल, एवढे फोन करून विचारावे.

फोटो काढण्यासाठी परवानगी लागते का?

सार्वजनिक तलावांवर सहसा नाही. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ मात्र छायाचित्रणास मनाई असल्याचे फलक अनेक ठिकाणी लावलेले असतात, आणि तेथील चौकीदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. व्याघ्र प्रकल्पांत कॅमेऱ्याचे शुल्क आणि मोठ्या लेन्सचे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे आरक्षण करतानाच ते विचारून घ्यावेत आणि पावती सहलीच्या शेवटापर्यंत जवळ ठेवावी.